संध्याकाळच्या बातम्या वरळीला कशा पोहोचत?

मागच्या एका अंकात या सदरात मुंबई दूरदर्शनच्या मराठी बातम्यांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळी अन्य विषय बाजूला ठेवून त्याच विषयावरील निवडक प्रश्न घेत आहोत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावे दिली आहेत.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, असे सर्वत्र छापून येते. आमच्या घरी मात्र वडीलधारी मंडळी सुरुवातीच्या काळाविषयी बोलताना ‘टीव्ही सेंटर’ म्हणतात, दूरदर्शन म्हणत नाहीत. यामागे काही कारण आहे का? (एक वाचक, दादर)

कारण आहे, आणि घरातील मंडळींची स्मरणशक्ती चांगली आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून प्रसारण सुरू झाले तेव्हा टेलिव्हिजन हा आकाशवाणीचाच एक भाग होता. १ एप्रिल १९७६ रोजी तो आकाशवाणीपासून वेगळा करण्यात आला आणि दूरदर्शन ही स्वतंत्र यंत्रणा अस्तित्वात आली. म्हणजे पहिली साडेतीन वर्षे वरळीचे केंद्र कागदोपत्री रेडिओच्या घरातच नांदत होते. बातम्यांच्या दृष्टीने ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही, कारण बातमी कशी लिहावी आणि ती मोठ्याने कशी वाचावी यासंबंधीचे सर्व संस्कार रेडिओकडून आले. चित्राचे संस्कार नंतर झाले, आणि माझ्या मते ते कधीच पूर्ण झाले नाहीत.

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रसारण सुरू झाले होते आणि तेथील दैनंदिन सेवा १९६५ मध्ये सुरू झाली. देशातील दुसरे केंद्र मिळायला मुंबईला त्यानंतरही सात वर्षे थांबावे लागले, कारण टेलिव्हिजन ही चैन आहे आणि परकीय चलन तिच्यावर खर्च करू नये, असे मानणारा वर्ग सरकारातही होता आणि सरकारबाहेरही होता. योगायोग असा की, महाराष्ट्र भीषण दुष्काळाला तोंड देत असतानाच हे केंद्र सुरू झाले. त्या दुष्काळाचे चित्रण त्या वर्षी किती कमी घरांपर्यंत पोहोचू शकले असेल, याची कल्पना पुढच्या उत्तरावरून येईल.

आम्ही पुणेकर मुंबईच्या बातम्या पहिल्यापासून पाहत आलो. सोलापूर आणि नांदेडच्या नातेवाइकांना मात्र त्या कित्येक वर्षे दिसत नव्हत्या. केंद्र जर महाराष्ट्राचे होते, तर असा दुजाभाव कशासाठी? (एक वाचक, पुणे, याच आशयाची पत्रे सोलापूर व परभणीहून)

हा दुजाभाव माणसांनी केला त्यापेक्षा डोंगरांनी अधिक केला. त्या काळातील टेलिव्हिजनच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जात असत. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंचीचा आहे. एवढ्या उंचीवरून निघालेली लहर सपाट प्रदेशात सत्तरएक किलोमीटरपर्यंत खात्रीने पोहोचते, आणि त्यापुढे पृथ्वीची वक्रताच आडवी येते. मुंबईच्या पूर्वेला तर सपाट प्रदेशही नाही, सह्याद्रीची भिंत उभी आहे. पुणे सरळ रेषेत १२० किलोमीटरच्या आसपास, म्हणून ते वरळीच्या आवाक्याबाहेरच होते. पुण्याला बातम्या दिसल्या त्या सिंहगडामुळे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच असलेल्या या गडावर १९७३ मध्ये सहक्षेपण केंद्र सुरू झाले. मुंबईहून आलेला संदेश तेथे घ्यायचा आणि पुन्हा चहूबाजूंना सोडायचा, एवढेच त्याचे काम होते. पुण्यातील गच्च्यांवर माशाच्या काट्यासारखे अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभे राहिले ते तेव्हापासून. वाऱ्याने अँटेना फिरला की एकाने गच्चीवर जायचे, दुसऱ्याने जिन्यात थांबायचे आणि तिसऱ्याने संचासमोर बसून ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडायचे, हा प्रसंग त्या पिढीतील प्रत्येक घराने अनुभवला आहे.

सोलापूर, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या वाट्याला टेलिव्हिजन आले ते प्रामुख्याने १९८० च्या दशकात, आणि त्यातही एक विचित्र उलटापालट झाली. १५ ऑगस्ट १९८२ पासून उपग्रहाच्या साहाय्याने दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच सुमारास रंगीत प्रसारणही आले, आणि १९८४ मध्ये तर देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचा सपाटा असा लागला की काही महिने जवळजवळ रोज एक नवे प्रक्षेपण केंद्र सुरू होत होते. हे प्रक्षेपक उपग्रहावरून येणारा दिल्लीचा कार्यक्रम घेत आणि तो आपल्या परिसरात सोडत. त्यामुळे लघुशक्ती प्रक्षेपकाच्या भरवशावर असलेल्या गावांतील प्रेक्षकांना टेलिव्हिजनची पहिली ओळख झाली ती हिंदी आणि इंग्रजी बातम्यांतून. वरळीच्या मराठी बातम्या त्यांच्यापर्यंत नियमितपणे पोहोचल्या त्या नंतर, राज्यातील प्रक्षेपक मुंबई केंद्राशी जोडले गेल्यावर. आपल्याच राज्याच्या राजधानीतील बातमीपत्र दिल्लीच्या मागून यावे, याबद्दल तेथील वाचक आजही रागाने लिहितात, आणि तो राग मला अवाजवी वाटत नाही.

त्या काळच्या बातम्यांत उद्घाटने, कोनशिला आणि मंत्र्यांची भाषणेच का असत? केवळ सरकारी दडपण हेच त्याचे कारण होते का? (एक वाचक, सातारा)

सरकारी दडपण होतेच, आणि त्याविषयी पुढे एक प्रश्न आहे. परंतु सगळे खापर त्याच्यावर फोडले की एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. ती म्हणजे चित्र वरळीपर्यंत पोहोचण्याचा प्रवास. या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर देण्याची मुभा घेतो.

सुरुवातीची दहाएक वर्षे बातम्यांचे चित्रण १६ मिलिमीटर फिल्मवर होत असे. कॅमेरामनच्या हातातील कॅमेरा बहुधा मूक असे आणि त्यातील १०० फुटांचे रीळ जेमतेम २ मिनिटे ४० सेकंद चाले. म्हणजे कार्यक्रम दोन तासांचा असला तरी कॅमेरामनने मनातल्या मनात आधीच ठरवायचे की पाहुण्यांचे आगमन १० सेकंद, दीपप्रज्वलन १० सेकंद, व्यासपीठ १५ सेकंद, श्रोते १० सेकंद, आणि उरलेली फिल्म अचानक काही घडले तर त्यासाठी राखून ठेवायची. ध्वनीसह चित्रण करता येत असे, परंतु त्यासाठीचा कॅमेरा जड, माणसे जास्त आणि फिल्म महाग. सबब मंत्री पडद्यावर ओठ हलवताना दिसत आणि त्यांचे म्हणणे वृत्तनिवेदकाच्या आवाजात ऐकू येई. पुष्कळ वाचकांना ही मुस्कटदाबी वाटते. प्रत्यक्षात ती काटकसर होती.

चित्रण झाले की रीळ वरळीला आणायचे. फिल्म ‘रिव्हर्सल’ प्रकारची असे, म्हणजे तिची निगेटिव्ह निघत नसे. जी फिल्म कॅमेऱ्यात फिरली तीच धुऊन, वाळवून, कापून, चिकटवून पडद्यावर दाखवली जाई. रसायनात धुण्याला आणि वाळवण्याला ठरलेला वेळ लागतोच, तो कोणाच्या आदेशाने कमी होत नाही. त्यानंतर संकलकाच्या टेबलावर तिची काटछाट व्हायची आणि मग ती टेलिसिने या यंत्रावर चढायची, जे फिल्मच्या प्रतिमेचे टेलिव्हिजनच्या संदेशात रूपांतर करते. हे सर्व संध्याकाळच्या बातम्यांच्या आधी उरकायचे, म्हणजे घटना दुपारी घडलेली असली पाहिजे आणि ती मुंबईत किंवा मुंबईच्या आसपास घडलेली असली पाहिजे. औरंगाबादला किंवा नागपूरला काही घडले, तर रीळ रेल्वेने, एस.टी.ने किंवा फार तर विमानाने पाठवावे लागे, आणि तोपर्यंत वृत्तपत्रांनी ती बातमी छापून जुनी केलेली असे. अशा वेळी दूरदर्शनकडे छायाचित्र, नकाशा किंवा निवेदकाचा चेहरा एवढेच उरे.

आता या चाळणीतून कोणती बातमी सुखरूप खाली पडेल, याचा विचार करा. जिची वेळ आदल्या दिवशीच कळवलेली आहे, जी दिवसाउजेडी आहे, जी मंत्रालयापासून किंवा शिवाजी पार्कपासून फार दूर नाही आणि जी १०० फूट फिल्मच्या आत संपते, तीच. उद्घाटन या सर्व कसोट्यांना उतरते. मोर्चा काही अंशी उतरतो. एखाद्या तालुक्यातील पाझर तलाव फुटला, तर ती घटना एकाही कसोटीला उतरत नाही. याचा अर्थ असा नव्हे की पाझर तलावाची बातमी देण्याची वृत्तविभागाची फार इच्छा होती आणि बिचारे साधनांअभावी हतबल होते. सरकारची आवड आणि फिल्मची सोय या दोन्ही गोष्टी एकाच दिशेने ढकलत होत्या, आणि त्यामुळे कोणीही त्या दिशेला हरकत घेण्याची वेळच आली नाही, असे माझे मत आहे.

१९८० च्या दशकात व्हिडिओ फीत आली तेव्हा धुण्या-वाळवण्याचा वेळ एकदम वाचला. यू-मॅटिक म्हणून ओळखली जाणारी पाऊण इंच रुंदीची कॅसेट, पुढे बीटाकॅम, आणि त्याहीपुढे मेमरी कार्डवर चालणारे छोटे डिजिटल कॅमेरे असा तो क्रम आहे. फितीवर आवाज आपोआप मुद्रित होत असल्याने मंत्र्यांना एकदाचा कंठ फुटला, आणि कधी कधी प्रेक्षकांना तो पूर्वीचा मूकपट बरा वाटू लागला. जिल्ह्याजिल्ह्यांतून काम करणारे, वृत्तविभागाच्या भाषेत ज्यांना ‘स्ट्रिंगर’ म्हणतात, ते मानधनावरचे कॅमेराधारी वार्ताहर याच बदलामुळे उपयोगी ठरले. त्यांना पगार नसतो. पाठवलेली आणि स्वीकारली गेलेली बातमी यावर त्यांचे मानधन ठरते. कॅसेट एस.टी.च्या वाहकाच्या हाती सोपवून मुंबईला फोन करणारा हा वर्ग इंटरनेट आल्यावर संगणकावरून चित्रण पाठवू लागला, तेव्हा कुठे गडचिरोली आणि वरळी यांतील अंतर मिनिटांवर आले.

वृत्तनिवेदक बातम्या स्वतः लिहीत असत का? समोर पडदा नसताना त्या इतक्या अस्खलित कशा वाचत? (एक वाचक, नाशिक)

सहसा लिहीत नसत. मजकुराची जबाबदारी वृत्तसंपादकाची, आणि हे संपादक बहुधा भारतीय माहिती सेवेतील अधिकारी असत. निवेदक हे पुष्कळदा बाहेरून, ठरावीक दिवसांसाठी बोलावलेले कलावंत असत. त्यांची अन्यत्र नोकरी किंवा रंगभूमीवरचे काम चालू असे. डॉ. विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे, अनंत भावे, स्मिता पाटील, प्रदीप भिडे ही नावे वाचकांच्या पत्रांत पुन्हा पुन्हा येतात. स्मिता पाटील यांचा चेहरा चित्रपटापूर्वी महाराष्ट्राला या बातम्यांतून परिचित झाला. प्रदीप भिडे १९७४ पासून सुमारे चार दशके बातम्या वाचत राहिले, आणि २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा अनेक घरांत आपलेच कोणी गेल्याची भावना होती.

मजकूर कागदावर येई आणि कागदावरूनच वाचला जाई. निवेदकाने एक वाक्य डोळ्यांनी उचलायचे, मान वर करून ते प्रेक्षकांना सांगायचे आणि मान खाली जाताना पुढचे वाक्य उचलायचे. चित्रफीत चालू असताना त्याने समोरच्या मॉनिटरकडेही पाहायचे, कारण मूक फिल्मचे दृश्य आणि वाक्य यांची सांगड त्यालाच थेट घालावी लागे. फिल्म तुटली तर फ्लोअर मॅनेजरच्या हाताच्या खुणेवर पुन्हा कॅमेऱ्याकडे वळून जणू काही झालेच नाही, असे वाचत राहायचे.

परंतु खरी कसोटी मराठीची असे, आणि या बाबीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. वृत्तसंस्थांचा मजकूर प्रामुख्याने इंग्रजीत येई. तो भराभर मराठीत करायचा आणि तोही ऐकून समजेल असा. रोमन लिपीत ल आणि ळ, न आणि ण यांत भेद नाही, म्हणून गावाचे नाव पारखून घ्यावे लागे. ‘परळी’ला ‘परली’ आणि ‘पलूस’ला ‘पळूस’ म्हटले की त्या गावचा प्रेक्षक पुढची बातमी ऐकतच नाही. कळंब तर एकाहून अधिक जिल्ह्यांत आहे, तेव्हा कोणते कळंब हे संपादकाने भूगोल पाहून ठरवायचे. आकड्यांचेही तसेच. एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी ही तीन रूपे घाईत वाचताना भलभल्यांची जीभ अडखळते, कारण मराठीत हा अंक पुढच्या दशकाच्या नावाने बोलावला जातो. ५९ च्या उच्चारात पन्नास कुठेच नाही. शिवाय कर्मणी प्रयोगाची लांबलचक सरकारी वाक्ये. ‘बैठकीत निर्णय घेण्यात आला असल्याचे सांगण्यात आले’ अशी वाक्ये बोलीत कोणी बोलत नाही, तरीही बातम्यांनी ती महाराष्ट्राच्या अंगवळणी पाडली, इतकी की आज गावच्या सोसायटीच्या इतिवृत्तातही ती सापडतात. उच्चारांसाठी या बातमीपत्राचे जितके कौतुक होते, त्या मानाने या वाक्यरचनेचा दोष त्याच्या पदरात घालण्याचे लोक विसरतात.

बातम्या सरकारी होत्या, हे तर खरेच ना? आता स्वायत्तता आली म्हणतात, ती कितपत खरी? (एक वाचक, कोल्हापूर)

होय, सरकारी होत्या. माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या अखत्यारीतील यंत्रणा सरकारविरोधी बातमी देईल, ही अपेक्षाच नव्हती, आणि आणीबाणीच्या काळात तर तिने तटस्थतेचा आवही आणला नाही. आणीबाणीनंतर नेमलेल्या वर्गीस समितीने १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ नावाचा स्वतंत्र न्यास स्थापण्याची शिफारस केली. ती तशीच राहिली. आकाशवाणी आणि दूरदर्शन यांना एका स्वायत्त महामंडळाखाली आणणारा प्रसार भारती कायदा १९९० मध्ये संमत झाला आणि अमलात यायला १९९७ उजाडावे लागले. त्यानंतरही पैसा मुख्यतः सरकारकडून आणि वृत्तसंपादक सरकारी सेवेतून, ही घडी कायम राहिली. पैसा आणि माणसे दोन्ही जेथून येतात तेथूनच सूरही येतो. प्रादेशिक वृत्तविभागाने शेती, हवामान, परीक्षा, पाणीपुरवठा या विषयांवर पुष्कळ उपयुक्त काम केले, हे मान्य करूनही या बाबतीत माझे उत्तर एवढेच आहे.

आम्ही इंदूरचे मराठी. आमच्याकडे सह्याद्री वाहिनी दिसू लागली ती केबलवर. ही वाहिनी आणि जुने मुंबई केंद्र एकच का? आणि आजही ती विनामूल्य दिसते का? (एक वाचक, इंदूर)

केंद्र तेच, वाट वेगळी. १९९४ मध्ये मराठी कार्यक्रम स्वतंत्र उपग्रह वाहिनीवरून सुरू झाले, आणि २००० मध्ये तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. ज्या डोंगराने वरळीच्या लहरी अडवल्या त्याचेच नाव उपग्रहावरच्या वाहिनीला मिळावे, ही गंमत नाव ठेवणाऱ्यांच्या लक्षात आली होती की नाही, कोण जाणे. उपग्रहाला राज्याची सीमा नसल्याने इंदूर, बडोदे, बेळगाव, गोवा येथील मराठी घरांनाही मुंबईचे बातमीपत्र मिळाले. मात्र तोवर मक्तेदारी संपत आली होती. २००० मध्ये ई टीव्ही मराठीने जिल्ह्यांच्या बातम्यांना जागा दिली, आणि २००७ मध्ये झी २४ तास व स्टार माझा या चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या आल्या.

डीडी फ्री डिश या सेवेवर सह्याद्री मासिक शुल्काशिवाय दिसते; छत्री आणि संचासोबतची पेटी यांचा खर्च एकदाच येतो. गच्चीवरच्या जुन्या अँटेनाने मात्र काही मिळणार नाही, कारण दूरदर्शनने आपले जुन्या पद्धतीचे भूप्रक्षेपण २०२२ पर्यंत जवळजवळ सर्वत्र बंद केले.

१९७० च्या दशकातील एखादे संपूर्ण बातमीपत्र आज कुठे पाहायला मिळेल का? माझ्या आईचा त्यात एका कार्यक्रमाच्या चित्रणात चेहरा होता. (एक वाचक, डोंबिवली)

चेहरा मिळण्याची थोडी आशा धरता येईल, संपूर्ण बातमीपत्राची नाही. बातम्या थेट वाचल्या जात. त्या मुद्रित करायच्या तर वेगळी व्हिडिओ फीत खर्ची घालावी लागे, आणि फीत इतकी महाग होती की तीवर जुने पुसून नवे घेणे हा जगभरच्या टेलिव्हिजन केंद्रांचा रिवाज होता. उरण्याची शक्यता आहे ती बातमीसाठी चित्रित केलेल्या फिल्मच्या तुकड्यांना. तिची निगेटिव्ह नसल्याने दुसरी प्रत नाही, आणि पुढे एखाद्या स्मरणपर कार्यक्रमासाठी तोच तुकडा कापून वापरला गेला असेल, तर मूळ जागी तोही नाही. कार्यक्रमाची तारीख व स्थळ ठाऊक असल्यास वरळीच्या केंद्राकडे लेखी विचारणा करावी. चित्रण सापडलेच, तर ते आवाजाविना असेल. त्यासोबत वाचलेला कागद त्या रात्रीच बाजूला पडला असणार.